आहिस्ता मॅडम

आहिस्ता मॅडम खोलीत आहेत हे लवकर कळायचंच नाही. आमच्या विभागात मुलांना भेटण्यासाठी एक खोली होती. खाली सतरंजी, भिंतीला लागून खेळण्यांचं कपाट. दुपारी कोणी नसेल म्हणून आम्ही मुली डबे घेऊन आत शिरायचो, दिवा लावायचो, दोन घास खायचो, कोणाकोणाच्या चुगल्या करायचो, आणि मग कपाटाशेजारी मांडी घालून बसलेल्या मॅडम दिसायच्या. पहिल्या वर्षी माझी एक मैत्रीण किंचाळली आणि तिचा सगळा डबा सतरंजीवर सांडला. मॅडम हसल्याही नाहीत. "जेवा, जेवा. मी नाहीये," एवढंच म्हणाल्या, आणि खरोखरच पुन्हा नसल्यासारख्या झाल्या.

देवासच्या एका विद्यापीठात आमचा हा विभाग. शाळेतल्या मुलांच्या मनाचं काम शिकवणारा अभ्यासक्रम, स्कूल सायकॉलॉजीचा. मॅडम तिथे आम्हाला शाळांमध्ये नेऊन प्रत्यक्ष काम शिकवायच्या. मूळच्या देवासच्याच, टेकडीखालच्या जुन्या मराठी घरातल्या. मी धारची. घरात मराठी, शाळा हिंदीत, त्यामुळे माझं मराठी बोलणं धावतं आणि वाचणं रांगतं. मॅडम माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायच्या. "बयो, न्याहारी झाली का तुझी?" असं विचारणारं माझ्या आजीनंतर त्याच एक माणूस. बाकी सगळ्यांसाठी त्यांच्या तोंडात एकच वाक्य: "आहिस्ता, बेटा, आहिस्ता." त्यावरून कोण्या जुन्या तुकडीने नाव पाडलं, ते चिकटलं.

पहिल्या भेटीत मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. आम्ही प्रश्नावल्या घेऊन तयार असायचो आणि त्या जमिनीवर बसायच्या, मुलाकडे अर्धी पाठ करून, गप्प. किती वेळ? आम्हाला घाम फुटेपर्यंत. एकदा एका मुलाने हळूच जवळ येऊन त्यांच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं, श्वास चालू आहे की नाही. मग तो त्यांच्याजवळ बसला आणि बोलायला लागला. "मुलं कुठे पळून जात नाहीत," त्या म्हणायच्या, "पळतो आपण."

विभागाच्या व्हरांड्यात एक काचेचा फलक होता: 'समाचार एवं उपलब्धियाँ'. तोच मजकूर विद्यापीठाच्या वेबसाइटवरही जायचा. कोणाला सुवर्णपदक, कोणाचा शोधनिबंध, कोणाला कुठे नोकरी, हार घातलेले पाहुणे. विभागप्रमुख सर माणूस चांगले, पण त्यांना त्या फलकाचं फार. मॅडमचं नाव तिथे क्वचितच दिसायचं. सर लटक्या रागाने म्हणायचे, "मैडम, आपकी कोई उपलब्धि नहीं?" त्यावर मॅडम मला मराठीत सांगायच्या, सरांना कळू नये म्हणून, "मूल आपल्याला विसरलं की काम झालं. विसरल्याचा फोटो कसा काढणार?"

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे धार भागातल्या शाळा आमच्या विभागाला ओळखायला लागल्या.

धारहून पीथमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका घाबरलेल्या होत्या. पाचवीतल्या एका मुलीच्या अंगात दुसरी मुलगी येते, म्हणत होत्या. पालक तिला कुठल्याशा बाबाकडे न्यायला निघालेत, त्याआधी कोणी तरी या. मुलगी मराठी घरातली, म्हणून मॅडमनी मला सोबत घेतलं. देवासहून इंदूर, इंदूरहून धारची बस.

हकिकत अशी होती. पावसाळ्यात त्या वर्गातली कंचन नावाची मुलगी तापाने गेली. दिवाळीनंतर सई नावाची नवी मुलगी आली. तिचे वडील महाराष्ट्रातून पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आलेले. वर्गात एकच जागा रिकामी होती, कंचनची. सईला तिथे बसवलं. थंडी सरेपर्यंत वर्गातल्या मुली सईला कंचन म्हणायला लागल्या होत्या, आणि सई ओ देत होती.

आम्ही वर्गात मागे बसलो. मी बाकावर, मॅडम कोपऱ्यात जमिनीवर. वर्गशिक्षिकेने हजेरी घेताना "सई" म्हणून हाक मारली. कोणी उठलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "मैडम, सई तो नहीं आई।"

खिडकीजवळ लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू खात्री करून घेतली, आणि म्हणाली, "हाँ मैडम, नहीं आई।"

तीच सई होती.

ती डाव्या हाताने लिहीत होती. कंचन डावखुरी होती, असं शिक्षिकेने आम्हाला कुजबुजत सांगितलं. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या. एकीने तिच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, दुसरीने तिच्या ओंजळीत सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, ओतले. ती मुलींशी तिथल्या माळवी बोलीत बोलत होती, हसत होती. आनंदात होती. मला तेच जास्त भयंकर वाटलं.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. सईची आई दारातच रडायला लागली. "घरात आमच्या माळवी कुणालाच येत नाही हो. ही झोपेत बोलते. आणि शाळेतून आली की उंबऱ्याबाहेर उभी राहते. 'आत ये' म्हटल्याशिवाय येत नाही, पाहुण्यासारखी. परवा मला काकू म्हणाली. मला, मॅडम! तिच्या आईला!" मग पदराने तोंड दाबून म्हणाली, "ही इथे आहे, तर माझी सई कुठे आहे?"

वडील कामाच्या पाळीवरून नुकतेच आलेले, उभ्या उभ्याच म्हणाले, "अमावस्येच्या आत काय ते करा. नाहीतर मी माझ्या मार्गाने जातो."

मी सईशी मराठीत बोलायला बसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही भाषा तिने कधी ऐकलीच नसावी. "म्हारे नी समझे," मला नाही कळत, असं ती हिंदी-माळवीत म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. मॅडमनी मला खुणेनं उठवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून बसल्या.

पुढचे किती तरी दिवस आम्ही धारला आमच्या घरी मुक्काम करून रोज त्या शाळेत गेलो. मॅडम आणि सई ग्रंथालयाच्या खोलीत बसायच्या, मी दाराशी. कोणी बोलायचं नाही. सई चित्रं काढायची, डाव्या हाताने. एका दुपारी तिने पेन्सिल खाली ठेवली, उजव्या हाताने उचलली, आणि चित्राकडेच बघत, स्वच्छ मराठीत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सई आली तर तिच्याशी कोणी बोलत नाही."

मॅडम हलल्या नाहीत.

"तिची हिंदी ऐकून हसतात. कंचन आली की सगळ्या बोलतात."

मग तिने पेन्सिल पुन्हा डाव्या हातात घेतली.

मुख्याध्यापिकांना मॅडमनी विचारलं, कंचन गेली तेव्हा वर्गाला काय सांगितलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, "कुछ नहीं। हमने तो बच्चों के सामने उसका नाम तक नहीं लिया। दुखी हो जाते।"

"मग त्यांनी तरी काय करायचं?" मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "एकाएकी मुलगी नाहीशी झाली. मोठी माणसं बोलेनात. पोरींनी तिला परत आणलं."

त्यांनी कंचनच्या आईला बोलावलं. मुख्याध्यापिकांचा विरोध होता, सईच्या वडिलांचा तर फारच. मॅडम आवाज न चढवता एवढंच म्हणत राहिल्या, "एक दिन दीजिए।" कंचनची आई शाळेपासून चार गल्ल्या सोडून राहायची. मुलगी गेल्यापासून तिला शाळेतून कोणी बोलावलं नव्हतं.

ती आली त्या दिवशी मॅडमनी मुलांना जमिनीवर गोल बसवलं आणि म्हणाल्या, "ये कंचन की मम्मी हैं। कंचन पिछली बरसात में मर गई। आज हम उसकी बातें करेंगे।" 'मर गई' हा शब्द त्या वर्गात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. मग एक मुलगी म्हणाली, कंचन जाम, म्हणजे पेरू, चोरायची. दुसरी म्हणाली, मला पण द्यायची. मग सगळ्याच बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता एकेक रडायला लागली. आई ऐकत होती, पण तिची नजर मुलींवर नव्हती. ती सईच्या लाल रिबिनींकडे बघत होती.

सई उठली. गोलाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बई।"

माळव्यात आईला अशी हाक मारतात. सगळा वर्ग थिजला. मी मॅडमकडे पाहिलं. तरी त्या उठल्या नाहीत.

कंचनच्या आईचे ओठ हलले. त्या बाईला त्या क्षणी 'हो' म्हणता आलं असतं. मला वाटतं, ती म्हणणारच होती. ती पुढे सरकली, सईच्या समोर गुडघ्यांवर बसली, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग एका वेणीची रिबीन सोडली, दुसरीची सोडली, आणि केस बोटांनी मोकळे केले.

"तू म्हारी कंचन नी है, बेटा। थारी बई घर पे बाट जोवे है।" घरी तुझी आई वाट बघतेय, असं सांगून तिने नाव विचारलं, "थारो नाम काँई?"

सईने आपल्या मोकळ्या केसांना हात लावून पाहिला. मग तिच्या ओठांतून तिचं स्वतःचं नाव आलं. आणि ती भोकाड पसरून, मराठीतून, "मला आईकडे जायचंय" म्हणत रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गातून एक बाक उचलून आणला. हजेरीत सईच्या नावाला कोणी उठलं नाही, पण शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसून म्हणाली, "थारो नाम लियो।" खिडकीजवळची जागा मुलींनी मागितली म्हणून रिकामी ठेवली. तिथे काही दिवस जास्वंदीची फुलं असायची. होळीनंतर फुलं थांबली, आणि एक दिवस कोणीतरी आपलं दप्तर तिथे टाकलं.

परतताना बसमध्ये मी मॅडमना विचारलं, "बाकीचं मुलींनी शिकवलं असेल. पण त्या बाईला हाक मारायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग 'बई' कसं म्हणाली?"

"त्या आईला काय हवंय ते तिला दिसलं," मॅडम म्हणाल्या. "मुलांना दिसतं ते. आपल्याला जे हवं ते मुलं होऊन दाखवतात. मला भुतांची नाही, बयो, याची भीती वाटते." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाल्या, "तसं असेल, असं वाटतं. नक्की माहीत नाही."

सरांना अर्थातच ही बातमी फलकावर हवी होती, शाळेच्या फोटोसकट. मॅडमनी साफ नकार दिला. विभागात पहिल्यांदा त्यांचा आवाज दाराबाहेर ऐकू आला. "ती मुलगी आहे, उपलब्धि नाही!" रागात त्या सरांशीही मराठीत बोलल्या. त्या महिन्यात फलकावर एवढंच लागलं: 'धार ज़िले के एक विद्यालय में एक दिवसीय कार्यशाला संपन्न।' सई पुढे वडिलांच्या बदलीबरोबर महाराष्ट्रात परत गेली. आम्हाला विसरलीही असेल. मला धारच्या एका शाळेत समुपदेशकाची नोकरी लागली, तेव्हा माझा मात्र फोटो फलकावर लागला.

मॅडम निवृत्त झाल्या. अधूनमधून मी देवासला जायचे, त्या पोहे करायच्या आणि माझं मराठी तपासायच्या. गेल्या हिवाळ्यात, दुपारी, ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या. शेजारची बाई वाटी परत द्यायला आली होती. सुनेच्या तक्रारी सांगत ती बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

विभागात शोकसभा झाली. नव्या प्रमुखांनी त्यांच्या उपलब्धी वाचून दाखवल्या. मी कंचनच्या आईला धारला निरोप दिला होता, पण ती एवढ्या लांब येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, शेवटच्या रांगेत बसली. सभेनंतर मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. तिथे तिने सांगितलं, मॅडम दर पावसाळ्यात तिच्याकडे यायच्या. मला याचा पत्ताच नव्हता.

"चा पीती थी। फेर पूछती थी, कंचन आवे है?" ती म्हणाली. "म्हूँ केती, नी आवे। झूठ बोलती थी। इण बरस सच्ची के दी, के आवे है, साँझ के।" नाही येत, असं आधी खोटंच सांगायची; या वर्षी खरं सांगून टाकलं, की येते, संध्याकाळी.

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"बोली, आवे तो आवा दो।"

इंदूरची बस लागली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि मला जवळ बोलावून खालच्या आवाजात म्हणाली, "अबे दो आवे है।" आता दोघी येतात.

माझ्याजवळ पदवी आहे, नोकरी आहे, अशा वेळी काय बोलायचं हे मी इतरांना शिकवतेही. तरी बस सुरू झाली तेव्हा मी एवढंच विचारलं, "काँई करे दोई?"

"कई नी," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत मी कधीच पाहिला नव्हता. "बाताँ करे।"