पिंपवाल्या बिल्डिंगचे फोटो

सातारा रस्त्यावरच्या आमच्या इमारतीला सगळे ‘पिंपवाली बिल्डिंग’ म्हणत. जिना बाहेरच्या बाजूला, गोल, पिंपासारखा. त्याला ना गिलावा ना रंग, नुसतं उघडं काँक्रीट. रिक्षावाल्याला पत्ता पटकन कळायचा, एवढाच काय तो तिचा मान. तिच्यावर जीव असलेला माणूस एकच, तळमजल्यावरचे नासिरभाई.

नासिरभाई पोटासाठी लग्नांचे फोटो काढत आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून पुणं पालथं घालत. कात्रजकडची पाण्याची टाकी, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचं छत, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही अशा इमारती. “शनिवारवाडा सोडून टाकी?” मी चिडवायची. “शनिवारवाड्याला बघणारे पुष्कळ आहेत, शर्मिलाताई,” ते म्हणायचे.

पिंपाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांचे वडील एजाजमियाँ सेंट्रिंगचे सुतार. काँक्रीट ओतायच्या फळ्या त्यांनीच ठोकलेल्या. पुढे फळ्या निघाल्या, पण लाकडाच्या रेषा सिमेंटवर तशाच राहिल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तर फळीतली गाठही उमटली होती. वर जाताना नासिरभाई तिच्यावर हात फिरवत.

गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू झाली आणि नासिरभाई हबकले. लोकांना ही इमारत नीट दिसली तर ते ती पाडणार नाहीत, असं त्या भल्या माणसाला वाटलं. सकाळचं ऊन तिरकं असताना ते फोटो काढू लागले, कारण लाकडाच्या रेषा तेव्हाच उठून दिसतात. सोसायटीच्या पन्नाशीची स्मरणिका निघणार होती. तिच्यासाठी त्यांनी सगळे फोटो सेक्रेटरी योगेशला दिले. फोटो फार सुंदर होते.

स्मरणिका निघालीच नाही. फोटो निघाले सोसायटीच्या सभेत, बिल्डरच्या इंजिनिअरने पडद्यावर मोठे करून दाखवलेले. तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात, तशाच केसाएवढ्या भेगाही. पडदाभर झाल्यावर त्या बघवेनात. प्रत्येक फोटोखाली लिहिलं होतं, धोकादायक.

नासिरभाई उभे राहिले. “अहो, हे नुसतं ऊन आहे. दुपारी जाऊन बघा, काही दिसणार नाही.”

“फोटो आपलेच ना?” योगेशने विचारलं.

“माझेच.”

“मग बसा.”

इमारत पाडायच्या बाजूने हात वर झाले. नासिरभाईंच्या बायकोनेही, जिनतभाभींनीही, हात वर केला. नवऱ्याच्या फोटोंवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. माझा विरोध नोंदवून घेतला, म्हणजे चहा आला. मला सगळ्यांचा संताप आला होता.

घरं रिकामी झाल्यावर पोकलेन मशीन आलं. बाकीची इमारत भराभर पडली. पिंप पडेना. ठोकून ठोकून मशीनचा दात तुटला, तेव्हा दुसरं मागवावं लागलं. बघ्यांत योगेशही होता. “भलतंच मजबूत निघालं,” तो म्हणाला आणि घड्याळ बघून निघून गेला.

नासिरभाई समोरच्या फुटपाथवर उभे होते. त्यांना कॅमेऱ्याशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. “फोटो नाही काढणार?” मी विचारून बसले.

“अब्बांनी शंभर वर्षं टिकेल असं बांधलं,” ते म्हणाले. “पाडलं मी.”

आणि भर रस्त्यात ते रडू लागले. समोर दुसरं मशीन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठोकत होतं.