आप्पांची अमेरिका

कार्तिकातल्या सकाळी वडगावात धुकं उशिरा हलतं, आणि ते हलेपर्यंत सुताला लावलेल्या खळीचा ओलसर, आंबूस वास गल्लीभर रेंगाळत राहतो. माझ्या नाकात मात्र त्या वासाच्या आड आणखी एक वास वर्षानुवर्षं दडून बसला आहे: शाळेच्या पडवीत मोठ्या पातेल्यात ढवळल्या जाणाऱ्या अमेरिकन दूधभुकटीचा, किंचित करपट, किंचित गोड. आम्हा विणकरांच्या पोरांना ते दूध फुकट मिळे. माझे वडील, आप्पा, हातमागावर साड्या विणता विणता जगातल्या एकूण एक देशांविषयी ठाम मत बाळगून असत; त्यांनी त्या पेलाभर दुधावरून अख्ख्या अमेरिकेला आमच्या घरातलंच करून टाकलं. "देनारा देस हाय गं त्यो," ते म्हणत. त्या देशाची फुकट येणारी गुळगुळीत मासिकंही त्यांनी पत्र टाकून मागवली होती. वाचून झाली की त्या पानांची माझ्या वह्यांना कव्हरं होत. अंकगणितावर गव्हाची सोनेरी शेतं, इतिहासावर चंद्रावर उतरलेला माणूस, असा माझा शाळेत भलताच थाट असे.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आप्पा मागावरून उठले, माझं दप्तर उपडं केलं आणि सगळ्या वह्यांची कव्हरं टराटरा फाडून टाकली. "काल दूध पाजलं आनि आज बंदूक दावत्यात व्हय?" मी भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी उघड्या वह्यांवरून मला बाकावर उभं केलं, आणि हे कळल्यावर त्याच आप्पांनी निमूटपणे खाकी कागद आणून रात्रीच्या जेवणाआधी एकूण एक वही पुन्हा मढवून दिली. त्यांचा राग असाच असे. तो जितका मोठ्यानं येई तितकाच ओशाळून परते.

पुढे मी शिकले, आणि गंमत अशी की इथल्याच महाविद्यालयात तीस वर्षं अमेरिकेचं परराष्ट्रधोरण शिकवत राहिले. शीतयुद्धाच्या हिशेबात आपल्या शेजाऱ्याला शस्त्रं पुरवणारी अमेरिका, सोव्हिएत संघ मोडल्यावर बाजारपेठेच्या ओढीनं आपल्याकडे वळलेली अमेरिका, पोखरणनंतर निर्बंध घालून रुसलेली आणि दहाएक वर्षांतच अणुकरारासाठी आपल्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली अमेरिका. दर काही वर्षांनी मला टिपणं नव्यानं लिहावी लागत. आमच्या सीमाभागातल्या मुलांना राष्ट्रहित, वाटाघाटी, चिघळलेला प्रश्न हे शब्द कधी समजावून सांगावे लागले नाहीत. दुकानाची पाटी कुठल्या अक्षरांत लिहायची यावरून गाव पेटताना ती लहानपणापासून पाहत आलेली. समजावणं जड गेलं ते आप्पांना. धोरणात राग-लोभ नसतात, हितसंबंध असतात, असं मी एकदा त्यांना चांगलं अर्धा तास सांगितलं.

"मग दूध कशाला पाजलं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याकडं दूधभुकटीचा साठा जास्त झाला होता, आपण रशियाकडं झुकू अशी त्यांना भीती होती, हे सगळं मी सांगितलं. आप्पा ऐकत राहिले, मग म्हणाले, "असंल की. पर दूध गोडच हुतं, आक्का."

माझी मुलगी सई त्याच देशात संशोधन करते. मी कॉलेजात शिकवायला जाई तेव्हा तिला आप्पांनीच वाढवलं, मागाशेजारी टांगलेल्या झोळीत. यंदा श्रावणात आप्पा अंगणात पडले आणि त्यांचे पाय गेले. अंथरुणावरचं त्यांचं शरीर हळूहळू विझत गेलं, आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. एरवी सई दुसऱ्या दिवशी विमानात बसली असती. पण एव्हाना वारं पुन्हा फिरलं होतं. अमेरिकेच्या नव्या आयातशुल्कानं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत माझ्या भावाची, सुभाषची, एक पाळी बंद झाली होती, आणि व्हिसाचे नियम असे पालटत होते की बाहेर गेलेल्या माणसाला परत आत घेतील याची हमी सईच्या विद्यापीठातलं कुणीच देईना. तिचं सहा वर्षांचं काम शेवटच्या टप्प्यावर होतं. "गेलं तर गेलं, मी येते," ती फोनवर म्हणाली. आईनं काय म्हणावं अशा वेळी?

आप्पांनी ते ऐकलं होतं. "रविवारी तिला फोन लाव. मी बोलतो."

रविवारी सकाळी त्यांनी दाढी करवून घेतली, धुतलेली टोपी मागितली आणि सांगितलं, मला मागावर बसवा. आम्ही नको नको म्हणत होतो. शेवटी सुभाषनं आणि मी मिळून त्यांना उचललं, मागाच्या खड्ड्यात त्यांचे निर्जीव पाय सोडले, पाठीला उशी लावली. श्रावणापासून अर्धी राहिलेली अंजिरी साडी मागावर तशीच होती. मी व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला.

"आप्पा, मी तिकीट बघतेय," सई म्हणाली.

"आत्ता कशाला गं? मला काय धाड भरल्या?" आवाज खणखणीत. "हे लुगडं बघ, तुझंच हाय. आंब्याच्या दिसांत ये, तवर पुरं करतो." आणि त्यांनी दोरी ओढली. आडवं सूत नेणारा धोटा खडखडत या टोकाचा त्या टोकाला गेला. पुन्हा ओढली, परत आला.

मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्याविषयीची मायाही दाटून आली. पण त्याच क्षणी लक्षात आलं, पायाखालच्या पट्ट्या वाजल्या नव्हत्या. पट्ट्या दाबल्या की ताण्याचं उभं सूत उघडतं आणि मगच धोटा सुतातून जातो. न दाबता ओढलेला धोटा नुसता वरून पळतो, कापड होत नाही. आमच्या घरात रांगणाऱ्या मुलालाही हे ठाऊक असतं, आणि सई तर त्या दोन आवाजांवरच झोपत आली होती.



"बरं आप्पा," ती म्हणाली. "आंब्याच्या दिसांत येते."

आम्ही त्यांना पुन्हा अंथरुणावर आणलं तेव्हा ते घामानं भिजले होते, धाप लागली होती, पण चेहऱ्यावर मोठा तह घडवून आल्यासारखं समाधान होतं. "पटलं का न्हाय तिला?" त्यांनी विचारलं. पटलं, मी म्हटलं. तेवढ्यात फोनवर सईचा निरोप आला. एकच ओळ होती: आई, आप्पांच्या पायांना रोज तेल लाव.

"काय म्हनत्या गं?"

"आंबे कधी पिकतात, विचारतेय," मी सांगितलं, आणि तेलाची बाटली शोधायला आत गेले.