नीलमातले पट्टे

कसबा पेठेत माझ्या घड्याळांच्या दुकानाशेजारी खडे पारखून देणारे एक गृहस्थ बसतात. गिऱ्हाईकाला ते 'या' म्हणत नाहीत, 'ठेवा' म्हणतात. पांढऱ्या बशीत पाणी, पाण्यात खडा, वर भिंग. मग व्याख्यान सुरू.

"अहो, नीलम मुळात बिनरंगाचाच. कणभर लोखंड आणि टायटेनियम शिरलं म्हणून निळा. जमिनीत वाढताना ते सगळीकडे सारखं मिसळत नाही, म्हणून खऱ्यात गडद-फिके पट्टे दिसतात. शाई कालवल्यासारखा एकसारखा निळा दिसला, तर समजा काच."

काच निघाली की तोंडावर सांगतात, "बाटलीचा तुकडा आहे. जपून ठेवा."

परवा एक बाई आल्या. आजारी मुलाला साडेसाती म्हणून घातलेली अंगठी त्यांनी पुढे केली. मुलगा गेल्या महिन्यात गेला होता.

"खडा खोटा होता का, तेवढं सांगा. मीच आणला होता हो."

मी तिथेच उभा होतो. बशीतला खडा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा निळा होता. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"खरा आहे," एवढंच म्हणाले आणि अंगठी पुसून परत दिली.

तेव्हापासून मला चैन नाही. आईच्या आजारपणात मीही तिच्यासाठी नीलम आणला होता. ती गेल्यावर तो यांनाच दाखवला. तेव्हाही व्याख्यान झालं नव्हतं. "खरा आहे," एवढंच.

अंगठी घरी कपाटात आहे. पांढरी बशीही घरात आहे. मी अजून तिच्यात पाणी ओतलेलं नाही.