खंडेनवमीचा पाना

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. दारव्ह्याच्या रस्त्यावरचे गॅरेजवाले करतात, जिनिंगवाले करतात, मग यवतमाळातल्या आमच्या दवाखान्यानं एमआरआयची का करू नये? मी तिथला तंत्रज्ञ. पूजेला माझी हरकत नव्हती. ताटात लोखंडी पाना, पेचकस नको, एवढंच मी व्यवस्थापक साहेबांना म्हणालो. ते हसले. "आज सुट्टी आहे न? मशीन बंद आहे."

हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. या मशीनचं चुंबक बंद होत नसतं. दिवे मालवा, कॉम्प्युटर बंद करा, दाराला कुलूप लावा, ते आपलं ओढतच असतं. रुग्णाच्या केसातली पिनसुद्धा आम्ही काढून घेतो. आर्णीहून आलेल्या एका आजीला मी साडीच्या पिनेचं तीनदा विचारलं, तेव्हा ती वैतागली होती. आणि साहेबांसमोर मात्र मी एकदाच बोललो अन् गप्प बसलो. दारही मीच उघडलं.

सफाईच्या मावशी मशीनच्या तोंडाशी, रुग्ण जिथून आत सरकतो तिथे, कुंकवाची बोटं लावत होत्या. मागून इलेक्ट्रिशियन ताट घेऊन आला. ताटातला पाना उडाला आणि मावशींच्या हाताला चेचत मशीनला जाऊन चिकटला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पट्टी बांधताना त्या रडल्या नाहीत. मला विचारलं, "भाऊ, मशीन तं बंद व्हती न? मंग असं काहून झालं?"

सहा वर्षं त्या ती खोली पुसत होत्या. बादली प्लास्टिकचीच न्या, असं मी त्यांना बजावलं होतं. का, ते कधी सांगितलं नव्हतं. मला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे सरकवला. मावशींना चुंबकाचं प्रशिक्षण दिलेलं होतं, निष्काळजीपणा त्यांचाच, खाली माझी सही हवी. म्हणजे बोटं त्यांची गेली, चूकही त्यांची, आणि कंत्राटी माणूस म्हणून आता नोकरीही त्यांचीच जाणार. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

"एक सही तं आहे, कायले ताणून राह्यला?" साहेब म्हणाले.

मी मजकुरावर काट मारली. खाली लिहिलं : प्रशिक्षण दिलं नव्हतं. ते देणं माझं काम होतं. दार मी उघडलं, साहेबांच्या सांगण्यावरून.

मग सही केली.