डिकीवरचा उडालेला रंग

भूत, चकवा, करणी यांतलं मी काहीही मानत नाही. सांगलीच्या एका कॉलेजात सबंध नोकरीभर फिजिक्स शिकवलं. दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी अमावास्येचं काहीतरी घेऊन यायचा, आणि मी त्याला एवढंच सांगायचो — "आधी वायर तपास." इथे या ग्रुपवर येणारे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणूनच वाचतो. (आपल्या भुतांना पांढऱ्या साडीशिवाय दुसरा कपडा का मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.) तरी हे लिहितोय. कारण गेली कित्येक वर्षं मी स्वतःचीच वायर तपासतोय आणि ती कुठे लूज सापडत नाही.

माझे वडील, म्हणजे अण्णा, १९८५ साली उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. साताऱ्यात गोडोलीला आमचं घर. गेटच्या खांबावर संगमरवरी पाटी — वर नाव, त्याखाली बी.ए., एलएल.बी., त्याखाली ठसठशीत 'उपजिल्हाधिकारी'. 'निवृत्त' हा शब्द कंसात होता आणि इतका बारीक की पोस्टमनला वाकून वाचावा लागे.

ज्या सरकारी अँबॅसिडरमध्ये मागच्या सीटवर बसून त्यांनी तालुके हिंडले होते, तीच गाडी त्यांनी लिलावात घेतली. अडचण एवढीच, की आता मागे बसून भागणार नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते ड्रायव्हिंग शिकले. पुढे जाणं जमलं. मागे येणं मात्र कधीच जमलं नाही. एक तर मानेला स्पाँडिलायटिस, आणि दुसरं म्हणजे वळून बघायची सवयच नव्हती.

आणि गाडी तर रोज उलटीच आत घ्यायची! "सरकारी गाडी तोंड बाहेर करून उभी असते. हुकूम आला की निघायचं." आता हुकूम कुठून येणार होता, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मग मागे कोण उभं राहणार? आई.

अधिकाऱ्याच्या बायकोनं गल्लीत "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडावं हे अण्णांना पसंत नव्हतं. म्हणून आईनं स्वतःची पद्धत काढली. डिकीवर तळहात टेकवून ती गाडीबरोबर मागे मागे चालायची, आणि थांबायची वेळ आली की दोन थापा मारायची. थप, थप. अण्णा ब्रेक दाबायचे. अशी बारा वर्षं गेली. डिकीवर, नंबर प्लेटच्या वर, तळहाताएवढ्या जागेतला रंग उडून आतला पत्रा दिसायला लागला होता.

एखाद्या वेळी बंपर भिंतीला लागलाच, तर अण्णा मान न वळवता समोर बघत एकच वाक्य बोलायचे — "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की हो. तुम्हाला ऐकू नाही आलं," आई म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली.

१९९७ साली आई काविळीनं गेली. दवाखान्यात न्यायच्या दिवशी गाडी तोंड बाहेर करून तयारच होती. अण्णांचं तत्त्व तेवढं एकदा उपयोगी पडलं. माहुलीच्या घाटावर अंत्यसंस्कार आटोपून आम्ही परत आलो, तेव्हा अण्णांनी गाडी गेटाशी उभी केली, रिव्हर्स टाकला आणि वाट बघत बसले. मग हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला. मी शेजारी बसलो होतो. ते कुणाची वाट बघतायत हे कळायला मला वेळ लागला. त्यांना त्याहून जास्त लागला. त्या दिवशी गाडी गल्लीतच राहिली.

दिवाळीला आम्ही साताऱ्याला गेलो, तर अण्णा माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, जरा मागे उभ्या राहा."

सुनीता राहिली. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आज राहिले. पुढच्या वेळी मी येणारच नाही. भिंतीला पाठ लावून बारा वर्षं काढायची माझी तयारी नाही. काय करायचं ते तू बघ."

मी जे बघितलं, तो कॅमेरा.

१९९८ साली आमच्याकडे मोटारीच्या मागे कॅमेरा बसवतात हे कुणी ऐकलंही नव्हतं. मी एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं होतं, तेवढंच. माधवनगरला विलास मिस्त्री म्हणून एक जण होता — टीव्ही आणि लग्नाच्या शूटिंगचे कॅमेरे दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एका सराफी दुकानातून काढलेला ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा पडून होता. शिवाय पाच इंची टीव्ही, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. अण्णा स्वतः गाडी चालवत सांगलीला आले. मी सोबत होतो. उंब्रजला चहाला थांबलो तर गाडी हायवेच्या कडेलाच लावली. हॉटेलच्या आवारात लावली असती तर मागे घ्यावी लागली असती ना!

"गाडी लय जुनी हाय की ओ," विलास फेरी मारून म्हणाला.

"जुनी नाही. सरकारी आहे," अण्णा.

"व्हय, म्हंजे त्येच की."

अण्णा खुर्चीवर पेपर वाचत बसले. विलासनं मला मागे बोलावलं. "सर, भोक कुठं मारू? हितं रंग उडालाच हाय, हितंच मारतो. चांगल्या रंगाची कशाला नासाडी?"

त्याचं बोट बरोबर आईच्या हाताच्या जागेवर होतं. मी मान डोलावली. ड्रिलचा आवाज झाला आणि पत्र्याचा कीस खाली पडला. मला काही वाटलं का? खरं सांगतो, काही वाटलं नाही. योग्य उंची आहे, एवढंच वाटलं.

टीव्हीच्या आतल्या कॉईलच्या दोन वायरी उलट जोडून त्यानं चित्र आरशासारखं करून दिलं, म्हणजे डावं-उजवं चुकायला नको. अण्णांनी त्याच्या अंगणात दोनदा गाडी मागे घेऊन पाहिली आणि खूश झाले. "चला. आता कुणाचे उपकार नकोत."

ते उपकार होते, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पंधरा दिवसांनी मी साताऱ्याला गेलो होतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील, चांगला उजेड होता. गाडी गेटातून मागे येत होती. मी अण्णांच्या शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो. अंगण मोकळं दिसत होतं, मागची भिंत अजून लांब होती. आणि एकदम स्क्रीन काळा झाला. परत चित्र आलं. परत काळा. परत चित्र. सगळं मिळून सेकंदभर.

अण्णांनी ब्रेक दाबला. "चित्र गेलं."

मी उतरून पाहिलं. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर गल्लीतली कुत्री झोपली होती. इतकी कडेला की कॅमेऱ्याच्या अरुंद टप्प्यात ती येणंच शक्य नव्हतं.

"वायर लूज असेल," मी म्हणालो. हे शब्द माझे. अण्णांचे नव्हेत. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा फिरायला गेल्यावर मी प्रयोग केला. कुत्रीच्या जागी सिमेंटचा ठोकळा ठेवला आणि स्वतः गाडी मागे घेतली. चित्र स्वच्छ. ठोकळा बंपरला लागेपर्यंत स्वच्छ. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. डिकी हलवली, वायर ओढली. पडद्यावर साधी मुंगीसुद्धा आली नाही.

अण्णा परतल्यावर म्हटलं, "तुम्ही घ्या मागे. मी बाहेरून वायरीकडे बघतो."

आणि मी आईच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. चाळिशी उलटून गेली होती माझी, पण त्या जागेवर मी कधी उभा राहिलो नव्हतो. तोंडावर धूर येतो. पाठीला भिंत लागते. समोरून लोखंडाचं ते एवढं मोठं धूड येत असतं, आणि ते चालवणारा माणूस तुमच्याकडे बघत नसतो. बारा वर्षं ती इथे उभी होती... आणि सुट्टीत आलो की मी आत पेपर वाचत बसायचो.

अण्णांचा पाय सटकला. क्लच सुटला असावा. गाडी एकदम अंगावर आली. मला थाप मारायचं सुचलं नाही, ओरडायचंही सुचलं नाही. माझी नजर कॅमेऱ्यावर होती. गाडी करकचून थांबली. माझे गुडघे आणि बंपर यांच्यामध्ये चार बोटं अंतर.

"परत गेलं चित्र!" अण्णा आतून ओरडले. "दोनदा गेलं!"

किती वेळा, हे मी विचारलं नव्हतं.

माझ्या आणि गाडीच्या मध्ये काही नव्हतं. मी बघत होतो ना, डोळे फाडून. हात नाही, सावली नाही, बांगड्यांचा आवाज नाही. असतं तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. फक्त काच होती, आणि काचेभोवती तो उडालेला रंग.

"हा दोष काढून घेतला पाहिजे," अण्णा म्हणाले.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. "अण्णा, हा दोष नाही. राहू द्या." एवढंच. आणि त्यांनी "मग काय आहे?" असं विचारलं असतं, तर दोन शब्द पुरे होते. पण मी फिजिक्सचा प्रोफेसर. आणि उपजिल्हाधिकाऱ्यांचा मुलगा. मी म्हणालो, "चालतंय की तसं. काही बिघडत नाही."

"चालतंय म्हणून चालवून घेणं, हेच तर या देशाचं झालंय."

गाडी पुन्हा माधवनगरला. विलासनं दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तो वैतागला होता. "साहेब, कायबी सापडंना. हातोडीनं ठोकलं, खड्ड्यातनं हाणली, सोल्डर नवं केलं. चित्र हललं न्हाई."

"दोष सापडत नाही म्हणजे दोष नाही, असं होत नाही," अण्णा म्हणाले. "भाग बदला. आणि जागाही बदला."

अण्णांनी नोकरीत हेच केलं होतं. जे समजलं नाही त्याची बदली.

अण्णा पुढे जाऊन बसले. नवीन कॅमेरा नंबर प्लेटच्या खाली बसला. जुन्या भोकात पुटी भरता भरता विलास हळूच म्हणाला, "सर, एक इचारू? ह्या जाग्याला आदी काय हुतं?"

"काही नाही."

"न्हवं, रंग असा आपोआप झिजत न्हाई. हाताच्या घामानं झिजतोय. आमच्या दुकानाच्या शटरचं बगा की, जितं हात लागतोय तितंच गेलंय." त्यानं माझ्याकडे बघितलं. "कुनाचा हात हुता?"

"कुणाचा नाही," मी म्हणालो.

त्यानं पुटी घासली आणि वर काळा रंग मारला. अर्ध्या तासात तिथे कधी काही होतं हे ओळखू येईना. जुना कॅमेरा मी मागून घेतला. "आता काय करताय त्येचं?" त्यानं विचारलं. मी तो रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

नवा कॅमेरा उत्तम चालला. महिनाभर चित्र एकदाही गेलं नाही. अण्णा फोनवर मला तसा रिपोर्ट द्यायचे.

मग एका शनिवारी दुपारी मी साताऱ्यात पोचलो आणि आम्ही भाजी घेऊन घरी आलो. आम्ही बाहेर गेलो असताना गटार साफ करायला आलेल्या लोकांनी गेटाजवळची एक फरशी उचलून बाजूला ठेवली होती, आणि ती तशीच राहिली होती. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. अण्णांनी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर अंगण लख्ख दिसत होतं, भिंत दिसत होती, तारेवरचा टॉवेलसुद्धा दिसत होता. मी त्या स्क्रीनकडे बघत होतो आणि... कसं सांगू? वाट बघत होतो. ते काळं होण्याची.

झालं नाही.

मागचं चाक गटारात गेलं, गाडी कलली आणि खांबावर घासत बसली. संगमरवरी पाटी निखळून खाली पडली आणि तिचे तुकडे तुकडे झाले. 'निवृत्त' हा शब्द धड राहिला, बाकीचं गेलं.

कुणाला लागलं नाही. अण्णा दार ढकलून उतरले. गाडीच्या मागे गेले. त्या बाजूला ते गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पुटी भरलेल्या, नव्यानं रंगवलेल्या जागेपुढे ते उभे राहिले. तिथे दुसरं कुणीही नव्हतं. मी अजून आतच बसलो होतो.

मग ते म्हणाले, "सांगायला काय झालं होतं?"

आवाज नेहमीचाच, पण शेवटी जरा हलला. ते कुणाला म्हणाले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. सात वर्षांनी गेले, पण त्या दिवसाबद्दल आमच्यात एक अक्षर निघालं नाही.

जुना कॅमेरा माझ्या कपाटात आहे. अधूनमधून जोडून बघतो. चित्र येतं, जात नाही. इलेक्ट्रॉनिक्समधला कुणी इथे असेल तर जरूर सांगा — एखादं कनेक्शन एकाच माणसाच्या हाती, फक्त गरज असताना, मोजून दोनदा कसं तुटतं? मला उत्तर सापडलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ज्याची टोचणी आहे ती हा प्रश्न नाहीच. तिनं दोनदा सांगितलं होतं, एकदा तर माझ्याचसाठी. ते कळलेला माणूस गाडीत एकच होता.

मला सांगायला काय झालं होतं?