दोन पोती कात

“दहा डोळे असून हा कुणाकडे वाकडं बघत नाही,” असं सुलटेकाका एकदा म्हणाले होते. ते नालखेकड्याबद्दल होतं, हे ऐकणाऱ्याला जरा उशिराच कळलं.

सुलटे हे त्यांचं आडनाव नव्हे. जन्म गेला जाळी दुरुस्त करण्यात. जाळ्यात माशांबरोबर घोड्याच्या नालेच्या आकाराचं, कढईएवढं, लांब शेपटीचं जनावर यायचं, तोच नालखेकडा. लोक शिवी हासडून ते भिरकावून द्यायचे. उताणं पडलं की ते शेपूट रोवून सुलटं व्हायला धडपडतं, आणि नाही जमलं तर उन्हात मरतं. ओहोटी लागली की काका किनाऱ्यावरून एकेकाला सुलटं करत जायचे. कडेनं धरून, शेपटीला हात लावायचा नाही. गावानं नाव ठेवलं, ते चिकटलं. बायको म्हणायची, “चार वर्षं घराचं दार उलटं लागतंय, ते तेवढं नाही दिसत!”

त्यांची थोरली मुलगी दवाखान्यात कंपाउंडर. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी खाडीत सुटल्यापासून लोकांच्या पायांना फोड येत होते, आणि मलम तीच देत होती. तिनं अर्ज केले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी पाइपाच्या तोंडाशी, चिखलावर, तिला नालखेकडे पडलेले दिसले. तळहाताएवढे, निश्चल, जिकडेतिकडे. तिनं दोन पोती भरली. ‘दोनशे अकरा मृत’ अशी तक्रार गेली, तेव्हा कुठे प्रदूषण मंडळाच्या निरीक्षकबाई यायला तयार झाल्या. पाइप बंद होणार की नाही, ते आता या पोत्यांवर ठरणार होतं.

काका त्या काळात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यावर पट्टी बांधून घरात बसून होते. पोती मागच्या व्हरांड्यात होती, बारा दिवस. थोरलीच्या मनात एकदा आलं, एवढी मेलेली जनावरं आणि वास कसा नाही? वडील भिंतीपलीकडेच होते. तिनं विचारलं नाही. वेळ नव्हता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तपासणी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत झाली. एका बाजूला कारखान्याचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला थोरलीचे मामा, म्हणजे सोसायटीचे चेअरमन. मामा म्हणाले, “बाई, नालखेकड्यातलं आमच्या दाजींएवढं कुणाला कळत नाही. दाजी, सांगा यांना.”

काकांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. एक जनावर तळहातावर तोललं. पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. थोरली त्या अंगठ्याकडे बघत होती. तो मध्येच थांबला, पुन्हा फिरला. काकांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं, दुसऱ्या पोत्यातही हात घातला.

“हे मेलेले नाहीत,” ते म्हणाले. “ही कात आहे.”

“कात?” बाईंनी विचारलं.

“साप टाकतो तशी. याची पुढची कड उसवते, आणि हा मऊ अंगानं पुढूनच बाहेर पडतो. वाढायचं तर सतरा-अठरा वेळा कात टाकावी लागते. जाळ्यात येतात ते थोराड. त्यांचं टाकून झालेलं असतं. म्हणून आमच्या माणसांना हे माहीत नाही.”

मॅनेजर हसला. “म्हणजे आमच्या पाण्यात पोरं बाळसं धरतायत की!”

“दाजी, ऑपरेशन नवं आहे तुमचं,” मामा दातओठ खात म्हणाले. “नीट दिसत नसेल.”

“दिसायचं काय त्यात? हात घाल. पोकळ आहे.”

“जगाला सुलटं करत फिरता, आणि पोटच्या पोरीला तोंडघशी पाडता!”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमचं काय म्हणणं?” त्यांनी थोरलीला विचारलं.

वाट मोकळी होती. वय झालं, डोळे गेले, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोन भरलेल्या पोत्यांपुढे एका अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्याचा शब्द किती टिकणार? तिला ते फोड आठवले, आणि तो न आलेला वासही.

“त्यांना दिसतंय,” ती म्हणाली. “मीच विचारलं नाही.” तिनं तक्रारीचा कागद ओढला आणि ‘दोनशे अकरा मृत’वर रेघ मारली. “पायांच्या फोडांची नोंद दवाखान्यात आहे. पाणी तपासा.”

“तो नवा अर्ज झाला. नवी तारीख मिळेल,” बाई म्हणाल्या. मॅनेजरनं बॅग उचललीसुद्धा.

मामा अजून काकांसमोर उभे होते. “आता तरी बोला! कुणाच्या बाजूनं आहात तुम्ही?”

काकांनी हातातली कात पोत्यात अलगद ठेवली. थोरली मान खाली घालून नवा कागद शोधत होती; तिच्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून, दारातल्या चपलांत पाय सरकवून किनाऱ्याच्या वाटेनं निघून गेले.