अकरा नंबरची पुडी

"हात कापतात तर कापू दे की. तुझे हात कापले म्हणून नळीतलं काही बदलत नाही. गेल्या वर्षी कशी सुटली गं नळी?"

"घाम आला होता, मामा."

"मग पूस घाम. फडकं कशाला दिलंय? आणि चिमटा जरा हलका धर. मुंडी पिरगाळायला ती काय कोंबडी आहे?"

शिंप्याची मुलगी हसली, पण नुसती ओठांनी. उद्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेतलं रसायनाचं प्रात्यक्षिक होतं. गेल्या वर्षी ह्याच टेबलापाशी तिच्या हातून नळी फुटली, तिला रडू कोसळलं आणि ती कोरा कागद ठेवून बाहेर पडली. बाकी सगळ्या विषयांत पास, प्रात्यक्षिकात नापास, म्हणून यंदा सगळीच परीक्षा पुन्हा.  शिंप्याने दुकानातलं दुसरं शिलाईचं मशीन तेलपाणी करून ठेवलं होतं. यंदा जमलं तर कॉलेज, नाही जमलं तर ते मशीन.

लॅबमामा म्हणजे प्रयोगशाळेचा परिचर. नळ्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, बरण्या भरायच्या, हे त्याचं काम. शिकवणं त्याच्या कामात नव्हतं. स्वतः सातवीत दोनदा आपटलेला माणूस. पण सव्वीस वर्षं नळ्या धुऊन कोणत्या क्षाराचा रंग कसा आणि वास कसा हे त्याच्या अंगात मुरलं होतं. परीक्षेआधी महिनाभर शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा सरावाला उघडी असायची. हुशार पोरं विज्ञानाच्या बाईंना विचारायची. ज्यांना विचारायची लाज वाटायची, ती मामाच्या सिंकपाशी येऊन उगाच हात धूत उभी राहायची. मामा ओळखायचा. म्हणायचा, "हात झाले धुऊन. आता पोटात काय गोळा आलाय ते सांग."

त्याची शिकवणही सगळी मिळून एवढीच, की शेजारच्याच्या नळीत डोकवायचं नाही. आपल्या नळीत दिसलं ते लिहायचं. एकदा केलं, शंका आली, तर परत करायचं. परत तेच आलं तर मग देव आला तरी खोडायचं नाही.

त्या संध्याकाळी सगळी पोरं गेली तरी शिंप्याची मुलगी मागे राहिली. मामाने फळीवरून दोन बरण्या काढल्या, एक साध्या मिठाची आणि एक नवसागराची. दोन्ही पांढरे. नवसागरात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून नळी ऊन केली की असा उग्र वास सुटतो की नाकातले केस उभे राहतात. मिठाला काहीच नाही.

"डोळ्यात पाणी आलं की समज नवसागर," मामा म्हणाला. "तुला तर पाणी आधीपासूनच असतं, म्हणून नाकाकडे लक्ष दे."

या खेपेला ती खरंच हसली. तेवढ्यात दाराशी पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या. त्याला घरी जायची घाई. मामाने बरण्या उचलल्या, फळीवर सारल्या, दिवा घालवला.

त्या बरण्यांना लेबलं नव्हती. आम्लाच्या वाफेने कागद कुजायचा, शाई उडायची, म्हणून मामाने चिकटवणं कधीच सोडलेलं. वरच्या फळीवर डावीकडून तिसरी बरणी मिठाची, चौथी नवसागराची. जागा हेच नाव. विज्ञानाच्या नव्या बाईंनी तीनदा सांगून पाहिलं होतं. मामा म्हणाला होता, "बाई, घरातल्या माणसांच्या गळ्यात कुणी पाट्या अडकवतं का?"  सव्वीस वर्षांत कधी चूक झाली नव्हती, त्यामुळे मामाच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

सकाळी सात वाजता मामाने यादीप्रमाणे चोवीस पुड्या बांधल्या. बारा पहिल्या तुकडीच्या, बारा दुसरीच्या. यादी पाकिटात घालून बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हाती गेली. पोरांनी परीक्षकांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. शिंप्याच्या मुलीला अकरा नंबर आला. यादीत अकरा म्हणजे साधं मीठ. मामाला हायसं वाटलं. मीठ म्हणजे सगळ्यात सोपं, बिनवासाचं, बिनरंगाचं. पोरगी सुटली.

परीक्षेत परिचराने सिंकपाशी उभं राहायचं. पाणी द्यायचं, बर्नर पेटवून द्यायचा, पण पोरांशी बोलायचं नाही. बोललाच तर परीक्षाच रद्द व्हायची.

अर्धा तास झाला असेल. मामा नळीत ब्रश फिरवत होता, तोच नाकात बारीक सुई टोचल्यासारखं झालं.

नवसागर.

ब्रश तसाच राहिला. पहिल्या तुकडीत नवसागराची पुडीच नव्हती. तो सतरा नंबर, आणि सतरा नंबर दुसऱ्या तुकडीत. मग हा वास कुठला? त्याने मान न वळवता वास हुंगला. दाराकडून येत होता. दाराजवळच्या टेबलापाशी शिंप्याची मुलगी. नळी चिमट्यात, डोळ्यात पाणी.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फळीकडे पाहिलं. तिसरी बरणी, चौथी बरणी. काल किल्ल्या वाजल्या तेव्हा कोणती आधी ठेवली? आठवेना. मग त्याने हळूच तिसऱ्या बरणीतली चिमूट तळहातावर घेतली, वर विझवलेल्या चुन्याची चिमूट टाकली आणि बोटाने चोळली. नाकाशी नेली.

नवसागर चुन्यात चोळला की हाच वास सुटतो, आता शंका घ्यायलाही जागा उरली नाही. मिठाच्या जागी नवसागर बसला होता.

परीक्षक फिरत फिरत दाराकडे गेले. तिचा कागद पाहिला, हातातली यादी पाहिली. कपाळाला आठी पडली.

"परत करून बघ," ते म्हणाले आणि पुढे गेले.

पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तिने नळी उचलली, ती खाली ठेवली, आणि मामाकडे पाहिलं. मामाने मान खाली घातली आणि धुतलेलीच नळी परत धुवायला घेतली.

झाकली मूठ म्हणावं तर पोरीला शून्य. यादीत मीठ, कागदावर नवसागर. उघडावी तर पहिला प्रश्न येणार की बरणी हलली कशी. काल हीच पोरगी होती, हीच बरणी होती, आणि आज पुडीही हिचीच. कुणीही म्हणेल, म्हाताऱ्याने पोरीला आधीच सांगून ठेवलं. मग त्याची नोकरी जाईल ती जाईलच, तिची अख्खी परीक्षा बुडेल. बोलावं तरी तिचं मरण, न बोलावं तरी तिचंच. शिकवायला गेला आणि तिच्याच पायावर धोंडा टाकून बसला.

तिने दुसऱ्यांदा नळी ऊन केली. वास परत आला. मग तिने पेन उचललं आणि कागदावर टेकवलं. लिहीना, खोडेना, नुसतं टेकवलेलं.

मामाने हात पुसले आणि परीक्षकांच्या खुर्चीपाशी गेला.

"सर, अकरा नंबरच्या पुडीत मीठ नाही. नवसागर आहे. चूक माझी."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला इथून कसं कळलं?"

"नाकाला कळलं. मग चुन्यावर चोळून पाहिलं."

परीक्षक उठले. अकरा नंबरच्या पुडीत उरलेली पूड स्वतःच्या हाताने नळीत घातली, ऊन केली, आणि झटक्यात तोंड बाजूला केलं. रुमालाने डोळे पुसत त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बरणी जागेवरून हलली कशी?"

"काल सराव होता. मीच काढली, मीच ठेवली."

"सरावाला शेवटी कोण होतं?"

 बाई त्याच्याकडे बघत होत्या. खोटं बोलायला जीभ वळली असती, पण पहारेकऱ्याने पाहिलं होतं.

"तीच होती, सर."

"आणि पुडीही तिलाच गेली?"

"चिठ्ठी तिने काढली. डबा तुमच्या हातात होता."

 परीक्षक दाराकडे गेले. मामा परत आपल्या जागेवर, सिंकपाशी. तिथून त्याला फक्त पोरीचे हात दिसत होते.

"काय मिळालं?"

"दुसऱ्यांदाही तेच, सर."

"मग खोडत का होतीस?"

"खोडलं नाही." तिने कागद पुढे सरकवला. नवसागर शब्दाशेजारी पेन टेकवून टेकवून शाईचा मोठा ठिपका पडला होता, पण शब्द शाबूत होता.

"आता ह्यातलं क्लोराइड दाखव. माझ्यासमोर."

तिने नळी घेतली. हात कापत होते, चांगले कापत होते. चिमट्यात नळी टकटक वाजत होती. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पांढरं दही धरल्यासारखा साका बसला. परीक्षकांनी कागदावर सही केली, वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता.

"तुम्ही लेखी द्या," जाताना ते मामाला म्हणाले. "सगळं लिहा, सरावासकट. पुढचं वरचे ठरवतील."

पहिली तुकडी बाहेर पडली. शिंप्याची मुलगी दारात रेंगाळली.

"मामा, मीठ होतं का हो? सरांचा चेहरा तसाच होता."

दुसऱ्या तुकडीचं एक पोरगं तिच्या मागे येऊन उभं होतं, कान टवकारून. मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"घरी जा. परवा गणित आहे ना, ते बघ."

"पण मामा..."

"जा म्हटलं ना."

ती गेली. बाईंनी टेबलावर कोऱ्या लेबलांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली आणून ठेवली.  मामाला ते लागलं.

दुसऱ्या तुकडीला चाळीस मिनिटं होती. मामाने बाराही पुड्या सोडल्या, ओळीने मांडल्या, शेजारी चुन्याचा डबा ओढला. पहिल्या पुडीतली चिमूट तळहातावर घेतली, चोळली, आणि डोळे मिटून नाकाशी नेली.